घरी घडवलेल्या गाडीला नंबर: कायदा काय मागतो आणि वाट कुठून जाते

खानदेशात गाडी घडवणाऱ्या हातांची कमी नाही. कुणी भंगारातल्या ओम्नीचं इंजिन आणून त्यावर छोटी जीप उभी करतो. रावेर-यावलकडे कुणी केळीच्या बागेतून घड बाहेर काढायला मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारी हलकी गाडी बनवतो. फैजपूर, शिरपूर, जळगावकडची इंजिनिअरिंगची पोरं पाइप वाकवून अख्खी बग्गी तयार करतात. काम बघावं तर मन भरून येतं. मग गाडी स्टार्ट होते, गल्लीत एक चक्कर होते आणि पारोळा-अमळनेरच्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येणारा प्रश्न येतो: "भाऊ, गाडी त व्हई गई, आते नंबर कसा भेटी?"

सरळ उत्तर आधीच सांगतो. शून्यातून, घरच्या वर्कशॉपमध्ये, एकच एक बनवलेल्या मोटारीला आज आपल्या देशात नियमित नोंदणी मिळण्याची सोय नाही. जळगावच्या एमएच-१९ ला जा, धुळ्याच्या एमएच-१८ ला जा की नंदुरबारच्या एमएच-३९ ला, नियम एकच आहे. "दोन पैसे जास्त गेले तर होईल" असं कुणी म्हणत असेल, तर तो गाडी तुमची पण कागद दुसऱ्याच गाडीचा असा व्यवहार सुचवतोय. तो कुठे नेऊन सोडतो ते पुढे येईलच. पण "सोय नाही" म्हणजे सगळं संपलं असंही नाही. कायदा नक्की कुठे अडवतो हे पत्रा कापायच्या आधी समजलं, तर बऱ्याच जणांची गाडी रस्त्यावर येऊ शकते. आधी गाडी आणि मग कागद असा क्रम धरला की मात्र वर्षाची मेहनत गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जाते.

अडतं कुठे

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ३९ सांगतं की नोंदणीशिवाय गाडी चालवायची नाही, आणि मालकानं ती कुणाला चालवूही द्यायची नाही. नोंदणी कशी करायची ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आहे. शोरूममधून गाडी घेताना आपल्याला हे कागद दिसतच नाहीत, कारण डीलर ते परस्पर भरतो. पण पासिंगच्या फायलीत मुख्य तीन फॉर्म असतात. फॉर्म २० म्हणजे मालकाचा नोंदणीचा अर्ज. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला. आणि फॉर्म २२. त्यांच्यासोबत विमा आणि पत्त्याचा पुरावा.

फॉर्म २० कुणीही भरू शकतो. गाडी विकत घेतलेलीच नाही, तर २१ कुठून आणायचा हा प्रश्न आहे, पण खरी अडचण तिथे नाही. ती फॉर्म २२ मध्ये आहे. त्यात गाडी बनवणारी कंपनी लिहून देते की हा चेसिस नंबर, हा इंजिन नंबर असलेलं हे वाहन प्रदूषणाच्या आणि सुट्या भागांच्या सुरक्षेच्या निकषांत बसतं आणि रस्त्यावर चालण्यायोग्य आहे. हे लिहून देण्याचा अधिकार नुसतं "मी बनवली" म्हटल्यानं येत नाही. नियम १२६ म्हणतो की प्रत्येक मॉडेलचा नमुना आधी सरकारमान्य चाचणी संस्थेत तपासून पास झाला पाहिजे. त्यालाच टाइप अप्रूव्हल म्हणतात. आपल्याला जवळच्या संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई. आग्रा रोडनं सेंधव्याच्या पुढे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे.

म्हणजे आरटीओतल्या इन्स्पेक्टरला तुमची गाडी चांगली वाटली, ब्रेक दाबून बघितल्यावर समाधान झालं, तरी तो नंबर देऊ शकत नाही. गाडी चांगली आहे असं ठरवण्याचं काम त्याच्याकडे दिलेलंच नाही. कारखान्यातून आलेली गाडी कागदावर लिहिली आहे तीच आहे ना, एवढं तो पडताळतो. त्यामुळे त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तो तुमच्या कामाला नावं ठेवत नसतो, त्याला जबाबदार कारखानदाराचा कागद लागतो.

चेसिस नंबरचं उदाहरण घ्या. आरटीओच्या कामाला कधी गेला असाल तर चेसिसचा ट्रेस काढताना पाहिलं असेल. चेसिसवरची माती, ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, त्यावर पातळ कागदाची पट्टी धरायची आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायची. धातूत ठोकलेली अक्षरं पांढरी उमटतात, आजूबाजूचा भाग काळा होतो. ती पट्टी फॉर्मवर चिकटवतात. ही १७ अक्षरं-अंक म्हणजे त्या गाडीचं नाव-गाव-कूळ. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: मारुतीच्या गाडीवर एमए३, टाटाच्या गाडीवर एमएटी. तुमच्या वर्कशॉपला अशी तीन अक्षरं मिळालेली नाहीत. पंच आणून तुम्ही मनानं काही ठोकलं, तर ते कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

आणि आता दप्तर म्हणजे वाहन नावाची संगणकप्रणाली. कंपनीनं मान्यता मिळालेली मॉडेलं आणि बनवलेल्या गाड्यांची माहिती आधी तिथे चढवलेली असते. नोंदणी करताना त्यातून कंपनी निवडायची, मॉडेल निवडायचं. ज्या गाडीला कंपनीही नाही आणि मॉडेलही नाही, तिच्यासाठी पुढचं पान उघडतच नाही. पूर्वी एखाद्या अधिकाऱ्याशी बोलून, समजावून काही होईल अशी आशा लोक धरायचे. आता तेवढीही जागा राहिलेली नाही.

एका गाडीची चाचणी का परवडत नाही

"मग मी माझी गाडी पुण्याला नेतो, चाचणी करून घेतो," असं म्हणणारे धाडसी लोकही भेटतात. त्यांच्यासाठी हा भाग नीट समजून घेणं गरजेचं आहे.

टाइप अप्रूव्हल म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. कंपनी एक-दोन नमुने चाचणीला देते. ते पास झाले की तशाच हजारो गाड्या पास धरल्या जातात, आणि पुढे अधूनमधून कारखान्यातला माल नमुन्यासारखाच निघतोय का हेही तपासलं जातं. घरी घडवलेल्या गाडीत तेच एक शीत असतं, मागे भात नसतोच. मोटारीच्या चाचण्यांत धडकेची चाचणीही आहे. समोरून ताशी ५६ किलोमीटर वेगानं, गाडीच्या तोंडाचा काही भागच अडथळ्यावर आदळेल अशी धडक देतात. बाजूनं ताशी ५० किलोमीटरनं वेगळी धडक. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून आधीच्या मॉडेलनाही हे लागू झालं. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून इंजिनाच्या धुराला भारत स्टेज सहा हा निकष. जुन्या ओम्नीचं किंवा कमांडरचं इंजिन कितीही मायेनं बांधलं तरी ते या निकषाच्या आसपासही जात नाही.

म्हणजे पास व्हायचं तर तुमची एकुलती एक गाडी तुमच्याच डोळ्यांसमोर चुरा व्हायला हवी. पास झालीच, तर नंबर लावायला गाडी उरत नाही.

नियम लिहिणाऱ्यांचा यात वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता. एकेक गाडी हातानं करणारा माणूस त्यांच्या कागदावर आलाच नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी असं मी मनापासून मानतो.

दुसऱ्याच्या आरसीवर गाडी

आता त्या व्यवहाराबद्दल. भंगारवाल्याकडून एखाद्या मेलेल्या जीपचं आरसी बुक घ्यायचं, तिचा चेसिस नंबराचा तुकडा कापून आपल्या फ्रेमला वेल्ड करायचा किंवा तोच नंबर नव्यानं ठोकायचा आणि "जुनी जीप रिपेअर केली" म्हणून चालवायची. हे चालतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच नीट सांगायला हवं.

नंबर खोटा ठोकणं आणि तो दाखवून नोंदणी टिकवणं हे भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या आणि बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यांत जाऊ शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडीवरचा चेसिस किंवा इंजिन नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला, किंवा नोंदणी खोट्या कागदांवर घेतल्याचं दिसलं, तर नोंदणी रद्द होते. आणि ज्या जीपचा तुकडा तुम्ही घेतला, ती कधी चोरीची निघाली तर पोलिसांसमोर पहिलं नाव तुमचं येतं.

पण शेतकऱ्याला खरं हादरवणारं कलम वेगळंच आहे. समजा अशा गाडीनं अपघात झाला आणि समोरचा माणूस गेला. विमा कंपनी तपासणी करते, गाडी कागदावरची नाही हे निघतं आणि ती हात वर करते. कोर्टानं तिला आधी भरायला लावलं, तरी ती मालकाकडून वसूल करायला मोकळी राहते. २०२२ पासून लागू असलेल्या कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे न बघताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये देणं लागतं. कमावता माणूस गेला आणि वारसांनी चूक दाखवून कलम १६६ खाली दावा केला, तर रक्कम याच्या कितीतरी पट जाऊ शकते. ती भरली नाही तर कलम १७४ आहे: अपघाताच्या दाव्यांचं न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. म्हणजे गोष्ट थेट सातबाऱ्यापर्यंत जाते. हौसेच्या गाडीपायी बापजाद्यांची जमीन अडकवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

विना नोंदणी गाडी चालवल्याचा दंड त्यामानानं लहान आहे. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय कलम २०७ खाली गाडी जप्त होते.

"आमचं जुगाड आहे, मोटार नाही" हा बचावही आता संपलाय. राजस्थानातल्या एका अपघाताचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की जुगाड हेही कायद्याच्या व्याख्येतलं मोटार वाहनच आहे. नोंदणी, विमा सगळं त्याला लागू.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यानं भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी थांबवतील. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. त्या कारागिराचं भलं झालं याचा आनंदच आहे. पण त्या जीपला नंबर मिळाला नाही, हे त्या गोष्टीत सांगायचं राहून जातं.

मग कुठल्या वाटा आहेत

पहिली आणि बहुतेकांना उपयोगी पडणारी वाट: शून्यापासून सुरुवात करू नका, जिवंत आरसी असलेल्या गाडीपासून करा. चेसिस तोच, नंबर तोच, मालकी तुमच्या नावावर आणि नोंदणीची मुदत चालू. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवता येते. अशी गाडी घेऊन तिचं इंजिन उतरवून नव्यानं बांधणं, पाटे बदलणं, सडलेला पत्रा काढून मूळ आकाराचा पत्रा बसवणं, आतून सगळी सजवणं हे दुरुस्तीत येतं. हाताची कला दाखवायला एवढी जागा पुष्कळ आहे.

यातली लक्ष्मणरेषा म्हणजे कलम ५२. आरसीतली माहिती कंपनीनं मूळ ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे छप्पर कापून उघडी जीप करणं, चेसिस लांब किंवा आखूड करणं, एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचं मोठं इंजिन टाकणं हे सगळं बाहेर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. इंजिन खरोखरच बदलायचं असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं घ्या, आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या आणि बसवल्यावर आरसीत नवा इंजिन नंबर चढवून घ्या. बसवलेल्या इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवा. कागद मागितला की "भंगार बाजारातून आणलं" हे उत्तर चालत नाही.

कलम ५२ मध्ये दोन दारं मात्र मुद्दाम उघडी ठेवली आहेत. एक, इंधन बदलण्याचं. सीएनजीचं कीट आपल्याला माहीत आहे, तसंच जुन्या गाडीचं इंजिन काढून मान्यताप्राप्त बॅटरी-मोटारचं कीट बसवता येतं. त्याचे निकष एआयएस-१२३ या वाहनांच्या मानकात आहेत. कीट बनवणाऱ्याकडे मान्यता हवी, ती तुमच्याच गाडीच्या प्रकारासाठी हवी, बसवणाराही अधिकृत हवा. ते झालं की आरसीवर इंधनाच्या रकान्यात नोंद बदलते. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या जोडून घरी केलेलं कीट यात बसत नाही. दुसरं दार अपंग व्यक्तींसाठी गाडीत करायच्या बदलांचं. स्कूटरला मागे जादा चाकं बसवलेली आपण पाहतो, ती आरटीओच्या मंजुरीनं रीतसर आरसीवर चढवता येतात. वेल्डिंगचं चांगलं काम जाणणाऱ्यांनी या दुसऱ्या कामाकडे जरूर बघावं, गावोगाव त्याची गरज आहे.

जुन्या जीपच्या वेड्यांसाठी जुलै २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला नंबरात व्हीए अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शनं आणि रॅलीपुरतीच. वाड्याच्या कोपऱ्यात आजोबांची जीप उभी असेल तर तिचं इंजिन काढून दुसरं टाकण्याआधी हे नियम वाचा. मूळ इंजिन गेलं की ही संधीही जाते.

लष्कराच्या किंवा सरकारी लिलावातल्या गाडीबद्दलही विचारणा असते. लष्कराच्या गाडीला तिथल्या अधिकाऱ्यांचा मूळ फॉर्म २१ लागतो. इतर जाहीर लिलावातली गाडी नावावर करायला फॉर्म ३२, तोही ३० दिवसांच्या आत. लिलावात बोली लावण्याआधीच आरटीओत जाऊन ती गाडी नोंदवता येईल का ते विचारा. भंगार म्हणून विकलेल्या गाडीची नोंदणी रद्द झालेली असते आणि ती पुन्हा जिवंत होत नाही.

शेताच्या आतच वापरायची असेल तर? इथे लोकांचा गैरसमज आहे की रस्त्यावर नाही नेली म्हणजे कायदा लागू नाही. कलम ३९ ची भाषा "सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कुठल्याही ठिकाणी" अशी आहे. सूट मिळते ती कलम २(२८) च्या व्याख्येतून: फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. तेव्हा कुंपणाच्या आत, त्याच कामापुरती बनवलेली, कमी वेगाची गाडी असेल तर तुमची बाजू मजबूत. पण दोन शेतांमधला शिवरस्ता, पाणंद, गावाची वेस हे सार्वजनिक आहे. बांध ओलांडून गाडी शिवरस्त्याला लागली की ती सूट संपली. केळीचा घड वजनकाट्यापर्यंत न्यायचा असेल तर बांधापर्यंत तुमची गाडी आणि तिथून पुढे नंबरवाला टेम्पो किंवा ट्रॅक्टर, असंच करावं लागतं.

कॉलेजची मुलं बाहा स्पर्धेसाठी बग्गी करतात, ती याच कारणानं स्पर्धेच्या मैदानापर्यंत टेम्पोतून जाते. मुलांनो, रात्री हायवेवर "एक राउंड" मारायचा मोह आवरा.

राहिली शेवटची वाट, कारखानदार होण्याची. एक नाही, दहा-वीस-शंभर गाड्या करायच्या असतील तर चाचणीचा खर्च वाटला जातो. चारचाकी मोटारीला हात घालू नका. तीनचाकी ई-कार्ट, ई-रिक्षा अशा कमी वेगाच्या प्रकारांना मोटारीइतक्या चाचण्या नसतात. ई-रिक्षाचा इतिहास तर आपल्यासाठी उमेद देणारा आहे. ती रस्त्यावर आधी आली, कायदा मागून आला. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीत तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रानं तिच्यासाठी नियम केले आणि २०१५ मध्ये कायद्यातच कलम २-अ घालून तिला जागा दिली. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, प्रवासी चार. त्यानंतर कितीतरी छोट्या वर्कशॉपवाल्यांनी रीतसर मान्यता घेतली.

बाहेर कसं करतात

हे अशक्य नाही, हे दाखवायलाच दोन देशांची पद्धत सांगतो.

ब्रिटनमध्ये हौशी माणसानं घरी बनवलेल्या एकाच गाडीची स्वतंत्र तपासणी होते, तिला आयव्हीए म्हणतात. गाडी फोडत नाहीत. सरकारी तपासनीस ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सीट बेल्टची पकड, धूर, आवाज सगळं बघतो. बॉडीची बाहेरची धार माणसाला कापेल का हेही मोजतात. पादचाऱ्याला लागू शकेल अशा कडेची गोलाई निदान अडीच मिलीमीटर हवी. पास झाली की नोंदणी. गाडीचं वय किंवा मूळ ठरवता येत नसेल तर नंबर क्यू अक्षरानं सुरू होतो, म्हणजे पुढे विकत घेणाऱ्याला बघताक्षणी कळतं.

अमेरिकेत हे राज्याराज्यांवर आहे. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांचा वेगळा वर्गच आहे. मालक इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांच्या पावत्या दाखवतो, म्हणजे चोरीचा माल नाही हे सिद्ध होतं. हायवे पोलीस गाडी तपासून तिला ओळख नंबर देतात. ब्रेक आणि दिव्यांचा दाखला वेगळा. प्रदूषणाच्या बाबतीत दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना सवलत मिळते: गाडी ज्या जुन्या मॉडेलसारखी दिसते त्या वर्षाचे किंवा तिच्यातल्या इंजिनाच्या वर्षाचे निकष तिला लावतात. कुठल्याच जुन्या गाडीसारखी दिसत नसेल तर ती १९६० सालची धरतात. संख्या ५०० वर बांधलेली असल्यानं हवेवर फारसा भार नाही आणि कारागिराला वाट मिळते.

या दोन्हींत प्रश्न बदललेला आहे. "कुठल्या कंपनीची?" असं न विचारता "ही गाडी सुरक्षित आहे का, आणि तिचे भाग कुठून आले?" असं विचारतात. आपल्याकडचा कारागीर या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो.

आपल्या कायद्यातही याला आधार नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २-ब आलं: संशोधन आणि नावीन्याला चालना म्हणून केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना कायद्यातून सूट देऊ शकतं. ही सूट धुळ्याचं किंवा जळगावचं आरटीओ देऊ शकत नाही, ती दिल्लीतूनच आणि वाहनाच्या प्रकाराला मिळते. पण दार लिहून ठेवलेलं आहे. शिवाय नियमांत बदल करताना रस्ते वाहतूक मंत्रालय आधी मसुदा राजपत्रात छापतं आणि हरकती-सूचना मागवतं. त्या कुणीही पाठवू शकतं, मराठीतून लिहूनही.

सूचना पाठवायची तर "आम्हाला परवानगी द्या" एवढंच लिहू नका. एका माणसाला एक गाडी, वेगाला मर्यादा, राज्यागणिक वर्षाला ठरावीक संख्या, प्रत्येक भागाची पावती, ब्रेक-स्टिअरिंग-दिव्यांची तपासणी एआरएआय किंवा व्हीआरडीईसारख्या आहे त्याच संस्थांत धडकेच्या चाचणीशिवाय, थर्ड पार्टी विम्याची सक्ती, आणि नंबरात ओळखू येईल असं वेगळं अक्षर, असं मुद्देसूद लिहा. सोबत तुमच्या गाडीचे फोटो, ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा आराखडा आणि पावत्यांच्या प्रती जोडा. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑटोमोबाईल विभागातल्या शिक्षकांकडून वजन आणि ब्रेक लागण्याचं अंतर मोजून घेतलंत, तर तो कागदही लावा.